काळी की निळी

मला मोटारसायकलच पाहिजे, स्कूटी नको, हे सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. शोरूममधला माणूस काही केल्या ऐकेना. "मॅडम, लेडीजसाठी हीच बेस्ट. गेअरची कटकट नाही, पायाशी पिशवी ठेवाले जागा." दोनदा मी नीट सांगितलं. तिसऱ्यांदा माझी सटकली. "दादा, मी आरोग्य सेविका आहो. धानाच्या बांध्यांमधून जाते माझा रस्ता. पावसाळ्यात तुमची ही स्कूटी घेऊन तिकडं या, मंग आपण दोघं मिळून ढकलू." माझ्या मागं उभी असलेली आई तोंडाला पदर लावून हसली.

तीन-चार वर्षं झाली या गोष्टीला. भंडाऱ्याचं शोरूम, डिसेंबरातली सकाळ. आईनं त्या दिवशी मासोळी विकायला जाणं मुद्दाम बंद ठेवलं होतं.

गाडी मी त्याच वर्षी शिकले होते, तीही एकतिसाव्या वर्षी. या वयात पोट्ट्या आपल्या लेकरांना सायकल शिकवतात. मला शिकवलं मामानं, त्याच्या जुन्या खटारा गाडीवर, गावच्या तलावाच्या पाळीवर. पाळ तशी सरळ, पण एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला बेशरमाची झुडपं. मामा मागून धापा टाकत पळायचा. "क्लच हळू सोड. हळू. अवं, हळू म्हटलं न माय!" पहिल्याच दिवशी मी गाडीसकट बेशरमात गेले. मामा धावत आला आणि त्यानं आधी आरसा फुटला का ते बघितलं, मग मला विचारलं लागलं का म्हणून. तलावात डोंग्यावर बसून माझे बाबा जाळं ओढत होते. तिथून ते ओरडले, "भेटली का वं मासोळी?" सगळे डोंगेवाले खो खो हसले. मी चिखलानं भरलेली, रागानं लाल. पुन्हा किक मारली.

महिनाभरात पहिला, दुसरा, तिसरा गेअर जमला. चौथा टाकायची हिंमत व्हायला अजून पंधरा दिवस लागले. भंडाऱ्याच्या चौकात गाडी बंद पडायची आणि मागून हॉर्नचा नुसता कल्ला व्हायचा. मी मागं वळून एकेकाला डोळे दाखवायची. पण येत होतं हळूहळू.

गाडी घ्यायची दोन कारणं होती. एक सगळ्यांना माहीत होतं. माझं उपकेंद्र तुमसरच्या रस्त्याला आतल्या बाजूला, बस दिवसातून दोनदा, आणि लसीचा डबा खांद्याला लटकवून कोणाच्या तरी गाडीला हात दाखवत उभं राहायचं, याचा मला वीट आला होता. दुसरं कारण मी आणि आई सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. तेच खरं कारण होतं.

आम्ही ढिवर. बाबा तलावात आणि नदीवर मासोळी धरतात, आई विकते. पहाटे जाळ्यातून जे निघेल ते, रोहू, कतला, कधी मरळ, नाहीतर नुसतेच झिंगे, टोपल्यात घालून ती निघायची. आमच्या गावापासून शहापूरपर्यंत एक ऑटो, शहापूरहून जवाहरनगरला दुसरा. तिथल्या कारखान्याच्या क्वार्टरांकडं जायच्या रस्त्यावर एका झाडाखाली तिची जागा होती. बाबांच्या सायकलवर ती कधी बसली नाही, कारण कॅरिअरवर कायम मासोळीचा डबा बांधलेला. बाबा सायकल हातात धरून पुढं आणि ती टोपला डोक्यावर घेऊन मागं, असं ते दोघं स्टँडपर्यंत चालत जायचे.

ऑटोवाले तिला मागं घ्यायचे, पायाशी. सीटवर नाही. "मावशी, वास येते, लोकं बोंब मारतेत," असं हसून सांगायचे, आणि तीही हसून खाली बसायची. त्यासाठी तिच्याजवळ पोत्याचा एक चौकोनी तुकडा असायचा, घडी घालून कमरेला खोचलेला. कुठंही गेली की आधी तो अंथरायचा, मग बसायचं. लग्नाघरीसुद्धा. मला लहानपणी त्या पोत्याची इतकी लाज वाटायची की मी एकदा तो चुलीत टाकला होता. दुसऱ्या दिवशी तिनं नवा फाडला.

मी सातवीत होते तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्यासोबत गेले होते. शहापूर सोडल्यावर एक बाई आणि तिचा नवरा ऑटोत चढले. बाईनं नाकाला रुमाल लावला. नवरा ड्रायव्हरच्या कानात काहीतरी बोलला. ड्रायव्हरनं ऑटो बाजूला घेतला आणि म्हणाला, "मावशी, तू मागच्या ऑटोत ये." मे महिन्याचं ऊन. आई टोपला घेऊन उतरली. मी मात्र त्या ड्रायव्हरला अशा काही शिव्या दिल्या की आईनंच माझ्या तोंडावर हात ठेवला. ऑटो निघून गेला. मी रडत होते. ती चुंबळ डोक्यावर नीट करत म्हणाली, "चाल माय. पाय का कोनाच्या बापाचे हायेत?"

त्या रस्त्यानं चालता चालता मी तिला म्हटलं, "मी मोठी झाली का गाडी घेईन. तुले मांगं बसवीन. पोत्यावर नाई, सीटवर. अन् याच्याच स्टँडसमोरून नेईन." आई म्हणाली, "हाव, नेजो." एवढंच म्हणाली. पण त्यानंतर कित्येक वर्षं, मी नर्सिंगला गेले, नोकरीला लागले, तरी मधूनच विचारायची, "गाडी कवा घेशीन वं?" तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. तिला कशाची वाट होती ते मला पक्कं माहीत होतं.

तर शोरूममध्ये दोन गाड्यांवर येऊन मी अडकले.

एक काळी. साधी, अंगानं बारीक, लांब सपाट सीट, बाजूला साडी गार्ड, मागं धरायला दांडी. बसले तर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत होते. नव्या माणसासाठी याहून शहाणी गाडी नाही. मामानं आधीच बजावलं होतं, "काळी घे. पडली तरी एकटीनं उचलता येते." दुसरी निळी. टाकी फुगलेली, चाक रुंद, आवाज जाड. बसल्यावर माझे नुसते चवडे टेकत होते. मागची सीट म्हणजे हातभर उंचीवर बसवलेला पाटाएवढा तुकडा. ना गार्ड, ना दांडी.

पहिले काळी चालवून पाहिली. सर्व्हिस रोडनं एक चक्कर. नीट चालली, नीट थांबली, एकदाही बंद पडली नाही. परत येऊन मी आईजवळ थांबले. ती आत सोफ्यावर बसली नव्हती. बाहेर पायरीवर बसली होती, खाली पोतं होतंच. आदल्या दिवशी तिनं राखेनं आणि लिंबाच्या फोडीनं हात घासले होते, सकाळी साबण लावून दोनदा अंघोळ केली होती, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तरी पोतं होतंच. मी म्हटलं, "आई, बस न मांगं. एक चक्कर मारू."

ती उठली. सीटकडं बघितलं. सीटवर अजून प्लास्टिक होतं. म्हणाली, "नाई बाप्पा. नवी सीट हाय. तू जाय."

शोरूमचा माणूस बघत होता. दुसरे दोन गिऱ्हाईक बघत होते. मला काय झालं कोणास ठाऊक, मी वैतागले. इतकी वर्षं गाडी गाडी करत होती आणि आता नाही म्हणते! म्हटलं, "बरं, राहू दे," आणि निळीवर जाऊन बसले.

निळीवर बसल्यावर काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. शोरूमवाला बोलला होता, "मॅडम, नवीन चालवणाऱ्याले ही जरा भारी पडते." बस, तेवढंच पुरे होतं. मला कोणी जमणार नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. क्लच सोडला आणि ती गाडी जी निघाली! वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर मी कोणाच्या तरी मागं बसले होते, कोणाला तरी हात दाखवला होता, आणि आता पुढं कोणीच नव्हतं, मोकळा रस्ता तेवढा होता. मी मोठ्यानं हसले. हेल्मेटच्या आत स्वतःचाच आवाज ऐकला. मला ती गाडी पाहिजेच होती.

परत आले आणि आईला विचारलं, "कोनती घेऊ?"

"तुले आवडते ते घे. चालवाची तुले हाय."

मी मनात हिशोब जुळवून टाकला. आईला बसायचं तर नाहीच. तिनंच सांगितलं, आपण थोडंच म्हटलं? मग साडी गार्ड कोणासाठी, लांब सीट कोणासाठी? हा हिशोब खोटा आहे हे मला तेव्हाही आत कुठंतरी कळत होतं. पण माणसाला जे पाहिजे असतं ते तो स्वतःला पटकन पटवून देतो. मी निळी घेतली.

घरी आणली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आईनं हेडलाइटला हळदीकुंकू लावलं, मग गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या सीटजवळ थांबली. "उंच हाय, नाई?"

"स्पोर्ट्स हाय न ते, आई."

"हाव. मोठी चांगली दिसते." असं म्हणून तिनं कुंकवाचं बोट लुगड्याला पुसलं.

वर्षभर मी हवेत होते. खोटं कशाला बोलू, आनंदानं वेडी झाले होते. दर आठवड्याला धुवायची, गावातल्या पोट्ट्यांना हात लावू द्यायची नाही. दोनदा चिखलात पाडली. दोन्ही वेळा एकटीनं उचलता आली नाही, बांधीतून बाया आल्या आणि हसत हसत उभी करून दिली. "सिस्टर, गाडी तुमच्यापेक्षा जड हाय वो!" मामा म्हणाला, "सांगितलं होतं." मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही.

आणि आई ऑटोनं जात राहिली. पायाशी, पोत्यावर.

एकदा दुपारी मी ड्यूटीवरून घरी येत होते. शहापूरच्या स्टँडवर आई उभी दिसली. टोपला रिकामा, हातात चुंबळ. ऑटो नव्हता. मी गाडी थांबवली. मागच्या सीटवर लसीचा डबा बांधलेला होता. तो सोडून पुढं टाकीवर घेता आला असता, दोन मिनिटांचं काम. मी गाडीवरूनच म्हटलं, "येतेस का?"

तिनं मागच्या सीटवर हात ठेवला. उंची बघितल्यासारखा. मग हात काढून घेतला. "नाई, जाय तू. येते ऑटो आता."

मला हायसं वाटलं. हे लिहिताना माझीच मला शरम वाटते, पण वाटलं होतं. डबा सोडा, टोपला कुठं ठेवा, ती उंच सीटवर बसेल कशी, पडली तर काय, एवढं सगळं एका "नाई"नं सुटलं. मी निघाले. वळणावर आरशात बघितलं तर ती माझ्या गाडीकडंच बघत होती, तिकडं ऑटोच्या रस्त्याकडं नाही.

त्यानंतरच्या फाल्गुनात ती तलावाच्या घाटावर घसरली. टोपला धुवायला गेली होती, पायरीवर शेवाळ. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. भंडाऱ्यातल्या डॉक्टरांनी फिल्म लाइटसमोर धरून मला समजावलं, नर्स म्हणून जरा जास्तच सविस्तर. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. गाडीवर एका बाजूनं बसायचं तर नावच काढू नका, एक गचका बसला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी सगळं लिहून घेतलं. जे लिहिलं तो सगळा माझ्याच नावावरचा गुन्हा आहे असं वाटत होतं. बाहेर आले, पार्किंगमध्ये निळी उभी होती, आणि मला तिला लाथ मारावीशी वाटली. बिचारीचा काय दोष!

आता आई घरीच असते. वॉकर धरून अंगणात फिरते. मासोळी विकायला दुसऱ्याच बाया जातात. तिचं झाड त्यांच्यापैकी एकीनं घेतलं. याचं तिला वाईट वाटतं. मी सकाळी निघते तेव्हा ती खुर्चीवर बसून गाडी बघते. पेट्रोल आहे का विचारते, हवा बघितली का विचारते. मला वाटेत कुठंही, शहापूरच्या पुलाखाली, तुमसरच्या फाट्यावर, कोणत्याही पोट्ट्याच्या मागं लुगड्यातली म्हातारी दिसली, एक हात त्याच्या खांद्यावर, एक हात पदरावर, की मी गाडी हळू करते. ती जोडी पुढं जाईपर्यंत बघत राहते. साधी गोष्ट. कोणाच्याही घरी होते. माझ्याही घरी झाली असती, काळी घेतली असती तर. एक चक्कर. शहापूरच्या स्टँडपासून घरापर्यंत, तीन किलोमीटर. दुसरं काय मागत होती ती?

यंदा दिवाळीनंतर मी ठरवलं, निळी देऊन टाकायची आणि काळीच घ्यायची. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आईला सांगायला गेले तेव्हा ती उन्हात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "आई, गाडी बदलवून राहिलो. ती साधी घेतो, लांब सीटची."

"आता कायले?" ती म्हणाली. "चांगली त हाय ही. तुले आवडते न?"

"आवडते."

"मंग?"

मी तिच्या खुर्चीजवळ खाली बसले. थोडा वेळ शेंगा सोलू लागले. मग तीन वर्षं ओठांवर आलेलं विचारून टाकलं. "आई, तवा शोरूममधी तू नाई काहून म्हटलं? बस म्हटलं होतं न मी."

"कवा?"

"गाडी घेतली त्या दिवशी. काळीवर. तू म्हटलं, नवी सीट हाय."

ती आठवत राहिली. तिला राग नव्हता, तक्रार नव्हती. हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

"मले वाटलं, तू डबल इचारशीन."



"लोकं एकडाव इचारतेत न बाई, ते इचाराचं म्हनून इचारतेत," ती मला समजावून सांगायला लागली, मी लहान असल्यासारखी. "बस मावशी म्हनतेत, अन् आपन बसलो का नाक धरतेत. म्हनून मी पयले नाईच म्हनतो. ज्याले मनातून पाहिजे असते, तो डबल इचारते. मंग बसाचं." सूप हलवून म्हणाली, "दोन अंघोळी केल्या होत्या मी त्या दिवशी."

मला ओरडून सांगायचं होतं की आई, मी लोकं नाही, मी तुझी पोरगी आहे. मी तुझ्याच अंगाच्या वासात झोपून मोठी झाले. पण काय तोंडानं सांगणार होते? एकदा विचारून मोकळी झाले होते. शोरूममध्ये एकदा, शहापूरच्या स्टँडवर एकदा. मी रडले. तिनं शेंगांच्या हातानं माझे केस मागं सारले आणि म्हणाली, "अवं, येडी झाली का? काय झालं त्यात?"

गाडी मी बदलली नाही. सकाळी लसीचा डबा बांधायच्या आधी रोज तिला विचारते, "आई, येतेस का तलावाच्या पाळीपर्यंत?" ती म्हणते, नाही. मी पुन्हा विचारते. ती खुब्यावर हात ठेवते, हसते आणि पुन्हा नाही म्हणते. आता तिचं दोन्ही वेळचं नाही खरं असतं. मग मी डबा बांधते आणि निघते.